उतरणीची वीज

खाणींतील खनिज वाहून नेण्यास इंधन लागतें, व तें जळतांना कर्बवायु हवेंत मिसळतो. तो कमी करण्याचें एक उदाहरण आम्ही येथें देतों. स्वीडनमधील किरुना येथील लोहखनिज नॉर्वेच्या नार्विक बंदरास आगगाडीनें जातें. हा मार्ग १९२३ पासून सर्वस्वी विजेवर चालतो. भरलेली गाडी सुमारें ८,६०० टनांची असते. ती घाट उतरतांना तिचीं चाकें एंजिनांतील मोटारी फिरवितात, व त्या वीज निर्माण करितात. साध्या ब्रेकनें हीच शक्ति उष्णता होऊन वायां गेली असती. तारेंत परत गेलेली ही वीज रिकाम्या गाड्यांना पुन्हां सरहद्दीपर्यंत चढण्यास पुरते. विद्यार्थ्यांनो, नवी शक्ति शोधण्यापूर्वीं हातची शक्ति वायां न दवडणें, हाच यांतील धडा होय.