तारलीचा धडा

शास्त्रपाठ : उत्पत्ति १:२०–२३; अनुवाद २२:६, ७; योहान ६:५–१३.

पांचव्या दिवशीं जलचरांस उत्पन्न करून ज्यानें त्यांस वाढण्याचा आशीर्वाद दिला, त्याचें हस्तकौशल्य केवळ प्रचंड देवमाशांतच दिसतें असें नाहीं. गरिबाच्या ताटांतील तारलींतहि तें दिसतें. आज आपण ह्या लहान माशाचा विचार करूं.

१. तारलीची रचना.—तारली ही सार्डिनेला नांवाच्या प्रजातींतील असून परदेशांतील हेरिंग व आपल्या खाड्यांत चढणारा पाला ह्यांच्या गोतांतली आहे. ह्या प्रजातींत वीसहून अधिक जाति असून त्या बहुतेक उष्ण प्रदेशांतील किनाऱ्यांलगत थव्यांनीं राहतात. मालवणाकडे व गोमंतकांत त्यांपैकीं कांहींस पेडवे म्हणतात. मलबारांत जी तेलकट जाति विपुल सांपडते, तिला तेथील लोक मत्ती म्हणतात. ती वीतभराहून मोठी क्वचितच होते व सुमारें अडीच वर्षें जगते. तिची पाठ निळसर हिरवी व पोट रुपेरी असतें; त्यामुळें वरून झडप घालणाऱ्या पक्ष्यास ती पाण्यासारखी भासते, आणि खालून येणाऱ्या मोठ्या माशास उजेडासारखी. तिच्या कल्ल्यांत बारीक काड्यांची दाट चाळणी असते. तोंड उघडून ती पोहूं लागली म्हणजे पाणी निघून जातें, आणि आपल्या डोळ्यांस न दिसणाऱ्या सूक्ष्म वनस्पति व जीव आंत राहतात. हेंच तिचें अन्न.

२. तिचा ऋतु.—नैर्ऋत्येचे वारे वाहूं लागले म्हणजे मलबार किनाऱ्याचें वरचें पाणी दूर लोटलें जातें व खालचें थंड, सकस पाणी वर येतें. त्यांत त्या सूक्ष्म वनस्पति फोफावतात. नेमकी त्याच पावसाळ्यांत मत्ती अंडीं घालते. अंडीं सुमारें एका दिवसांत फुटतात, आणि पिलांपुढें ताट वाढलेलेंच असतें. जमिनीवर आपली पेरणी चालू असतां समुद्रांतहि पेरणी चालू असते!

३. विपुलता व टंचाई.—हा मासा एका वर्षीं किनारा भरून टाकतो, तर दुसऱ्या वर्षीं जाळें रिकामें ठेवतो. १९४० नंतरच्या वर्षांत मलबारांत तो इतका दुर्मिळ झाला कीं, १९४३ सालीं मद्रास सरकारनें लहान मत्ती धरण्यावर व कांहीं जाळ्यांवर निर्बंध घातले. त्यांतील एका जाळ्याचें नांवच ‘मत्ती मारणारें जाळें’ ह्या अर्थाचें होतें. पुढें केरळांत २०१२ सालीं सुमारें ३.९ लाख टन मत्ती मिळाली. २०२१ सालीं मात्र केवळ ३,२९७ टन. त्यानंतर ती पुन्हा वाढली.

कोणी म्हणतील, हा समुद्राचा कोप. कोणी म्हणतील, ही देवाची शिक्षा. आम्ही असें म्हणण्यास धजत नाहीं. पाऊस कमीअधिक होणें, समुद्राचें पाणी तापणें, अन्न न मिळणें, अशीं अनेक कारणें विद्वान दाखवितात. त्यांवर आपला ताबा नाहीं. परंतु एक कारण मनुष्याच्याच हातीं आहे : वाढ होण्यापूर्वीं पिलांस ओढून काढून, कुटी करण्यासाठीं कारखान्यांत विकणें. केरळ सरकारनें १० सेंटिमीटरांहून लहान मत्ती धरण्यास मनाई केली आहे ती ह्याच कारणास्तव.

४. आपणांस बोध.—मोशेच्या नियमशास्त्रांत पक्ष्याच्या घरट्याविषयीं एक लहानशी आज्ञा आहे. पिलें घ्यावयाचीं तर घ्यावीं, परंतु आईस सोडून द्यावें. देव उपभोगास मना करीत नाहीं. मूळ तोडण्यास मना करितो.

आमच्या कोळी बंधूंचे वाडवडील नारळी पौर्णिमेपर्यंत होडी समुद्रांत लोटीत नसत. आपण ख्रिस्ताचे झालों म्हणून समुद्रास नारळ वाहणें सोडलें, हें योग्यच केलें. परंतु नारळाबरोबर तो संयमहि सोडला, तर आपण काय मिळविलें? जें शेजारी समुद्राच्या भयानें करीत आले, तें आपण उत्पन्नकर्त्यावरील प्रीतीनें करूं नये काय?

घाटावरील वाचक म्हणेल, ‘आम्हीं समुद्र पाहिलाहि नाहीं.’ पण ओढ्यांत विष कालवून लहानमोठे सर्व मासे मारणारे, व बियाण्याची कणगी सणासाठीं रिकामी करणारे आपल्याच गांवांत आहेत. एका मुलाच्या दोन मासळ्यांतून प्रभूनें पांच हजारांस तृप्त केलें, तरी उरलेले तुकडे वेचण्यास शिष्यांस सांगितलें. ज्याच्या हातीं एवढें सामर्थ्य, त्यानेंच नासाडी होऊं दिली नाहीं. मग आपण कोण?

उपदेशक बंधूंसाठीं प्रश्न :
(१) तारली आपलें अन्न कसें मिळविते?
(२) पावसाळ्यांत तिला धरूं नये असें कां?
(३) घरट्याविषयींची आज्ञा आपल्या शेतास व ओढ्यास कशी लागू पडते?
(४) ह्या आठवड्यांत आपली मंडळी कोणती एक नासाडी थांबवील?