प्रबंधाचा खर्च: हात कुठे सैल सोडावा, कुठे आखडावा

नोकरी आणि घर सांभाळून भाईंदरच्या जेसल पार्कातून प्रबंध लिहायला घेतलेल्या माणसाला पैशांविषयी सहसा कुणी नीट काही सांगत नाही. गाईड विषयाबद्दल बोलतात, विद्यापीठ नियमांबद्दल. पैसा मात्र शंभर-दोनशेच्या तुकड्यांत जात राहतो आणि शेवटच्या वर्षी एकदम मोठा घास घेतो. या खर्चाबाबत माझं मत ठाम आहे. फिरण्यावर आणि माणसांना भेटण्यावर खुशाल खर्च करा. प्रबंध लिहून देणाऱ्यांना मात्र एक रुपयाही देऊ नका.

नाव नोंदवतानाच विद्यापीठाचं शुल्कपत्रक मागून घ्या. वार्षिक फी, संशोधन केंद्राची फी आणि प्रबंध सादर करतानाची फी बहुतेकांना ठाऊक असते. चौथी रक्कम कुणी विचारत नाही: मुदतवाढीची. यूजीसीच्या २०२२च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं मिळतात. त्यानंतर पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षं मिळू शकतात, आणि महिलांना व ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर अजून दोन. बाळंतपण आणि मुलांच्या संगोपनासाठी महिलांना २४० दिवसांपर्यंत रजेची तरतूद आहे. ही रजा हक्काची आहे, ती मागताना संकोच करू नका.

वाचनाचा खर्च जवळजवळ शून्यावर आणता येतो. ‘शोधगंगा’वर देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध मोफत वाचायला मिळतात, सिनॉप्सिस लिहिण्याआधी आपल्या विषयाजवळचे चार-पाच तरी वाचाच. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना १ जानेवारी २०२५पासून सुरू झाली. त्यातून सरकारी विद्यापीठं आणि महाविद्यालयांना १३ हजारांहून अधिक नियतकालिकं खुली झाली आहेत. आपली संस्था त्यात आहे का, हे ग्रंथपालांना विचारा. एखाद्या लेखासाठी परदेशी संकेतस्थळ पैसे मागत असेल, तर आधी हा दरवाजा ठोठवा. संदर्भांच्या नोंदींसाठी ‘झोटेरो’ आणि आकडेमोडीसाठी ‘आर’ ही सॉफ्टवेअर मोफत आहेत.

प्रवास मात्र भाईंदरकरांना चुकत नाही. कलिनाच्या जवाहरलाल नेहरू ग्रंथालयासाठी सांताक्रूझला उतरायचं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासाठी दादरला, आणि एशियाटिक सोसायटी किंवा काळा घोड्याजवळच्या राज्य पुराभिलेखागारासाठी थेट चर्चगेटला. सगळं एकाच मार्गावर असल्यानं चर्चगेटपर्यंतचा एकच पास पुरतो. महाविद्यालयाचा सवलतीचा दाखला असेल तर तो निम्म्या दरात निघतो. या सवलतीला वयोमर्यादा आहे, पण संशोधकांसाठी ती इतर विद्यार्थ्यांपेक्षा जास्त आहे, तेव्हा ‘आपलं वय गेलं’ असं परस्पर ठरवू नका. जाण्याआधी ग्रंथालयाची वेळ आणि बाहेरच्या वाचकाला प्रवेश कसा मिळतो, हे फोनवर विचारून घ्या. सकाळच्या गर्दीत लोंबकळत जाऊन बंद दार बघण्यात अख्खी रजा वाया जाते.

विषय घराजवळचा निवडला तर क्षेत्रकार्य स्वस्त पडतं. मीरा-भाईंदरची नगरपरिषद १९८५ साली झाली आणि महानगरपालिका २००२ साली. २०११च्या जनगणनेत इथली लोकसंख्या ८,०९,३७८ होती. इतक्या झपाट्यानं वाढलेल्या शहरात मिठागरं, खाडीतली मासेमारी, स्टीलच्या भांड्यांचे कारखाने यांवर लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, आणि ते जेसल पार्कातून पायी किंवा रिक्षानं गाठता येतं. मिठागरांचंच घ्या. ठाणे जिल्ह्याचं १८८२चं जुनं गॅझेटिअर इंटरनेटवर फुकट वाचता येतं. सरकारी कागद हवा असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, प्रतीला पानामागे २ रुपये पडतात, आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना अर्जाचं शुल्क माफ आहे. खरा खर्च वेळेचा. मीठ पिकतं ते पावसाळा संपल्यावर, पुन्हा पाऊस लागेपर्यंत. तुमचं वेळापत्रक हुकलं की एक हंगाम जातो, हंगामाबरोबर वर्ष जातं आणि वर्षाबरोबर आणखी एका वर्षाची फी भरावी लागते. म्हणून मुलाखतींचे महिने आधी ठरवा आणि वाचन पावसाळ्यात ठेवा. कामगाराला कामाच्या वेळी थांबवून बोलायला लावू नका. त्याची रोजी बुडणार असेल तर ती भरून देण्याची तरतूद आपल्या खर्चात धरा. एक तासाची मुलाखत कागदावर उतरवायला चार-पाच तास सहज लागतात. हे काम पैसे देऊन करून घेता येतं, पण मी म्हणेन, निदान पहिल्या काही मुलाखती स्वतः उतरवा. विश्लेषण तिथंच सुरू होतं.

मराठीत लिहीत असाल तर पहिल्या पानापासून युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या फॉन्टमध्ये डीटीपी करून घेतलं, की पुढे रूपांतर करताना जोडाक्षरं तुटतात आणि मुद्रितशोधनाचे पैसे दोनदा द्यावे लागतात.

आता सावध राहण्याच्या जागा. ‘सिनॉप्सिसपासून व्हायवापर्यंत सगळं करून देतो’ अशा जाहिराती पाहून थकलेल्या माणसाला मोह होतो, आणि तो का होतो हे मला समजतं. पण व्हायवाला परीक्षकांसमोर तुम्हालाच बसायचं असतं. ‘प्लेजरिझम काढून देतो’ म्हणणारे शब्द बदलून वाक्यांची मोडतोड करतात. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. ४०पर्यंत गेलं तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून द्यावं लागतं, ६०पर्यंत गेलं तर वर्षभर सादर करता येत नाही, आणि त्यापलीकडे नोंदणीच रद्द होते. स्रोत देऊन अवतरणात घेतलेला मजकूर आणि संदर्भसूची या मोजणीत धरत नाहीत. म्हणजे उतारा घेतला की तिथंच स्रोत लिहिणं हा यावरचा फुकटचा उपाय आहे. तपासणीही आपल्या ग्रंथालयातूनच करून घ्या. शोधनिबंध छापून देणाऱ्यांचंही असंच. २०२२च्या नियमांनी पीएच.डी.साठी निबंध छापण्याची देशव्यापी सक्ती काढली. आपल्या विद्यापीठाचा नियम तेवढा पाहा. यूजीसीनं मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी २०२५मध्ये बंद केली, तरी तिच्या नावावर पैसे मागणारे भेटतील. त्यांना एक पैसा देऊ नका.

छपाईचा अंदाज आधीच मांडून ठेवा. २५० पानांच्या पाच प्रती, पानाला २ रुपये धरले तर २,५०० रुपये. प्रत्येक प्रतीत ३० रंगीत पानं, १० रुपये दरानं १,५००. सोनेरी अक्षरांचं हार्ड बाइंडिंग ३०० रुपयांनी आणखी १,५००. झाले ५,५००. दर दुकानागणिक बदलतील, हिशेबाची रीत तीच. गाईडनं लेखी होकार दिल्याशिवाय हार्ड बाइंडिंगला हात लावू नका; तोवर स्पायरल पुरतं.

पूर्णवेळ संशोधन करणार असाल तर शिष्यवृत्तीचा अर्ज पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेवा. यूजीसीची जेआरएफ २०२३पासून दरमहा ३७,००० रुपये आहे आणि दोन वर्षांनंतरची एसआरएफ ४२,०००. राज्यात अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी आणि ओबीसी, भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. जाहिरातीची मुदत छोटी असते, म्हणून जात आणि उत्पन्नाचे दाखले, नोंदणीचं पत्र आणि गाईडचं शिफारसपत्र यांची फाइल तयार ठेवा.