गुणपत्रकात न उमटलेले कष्ट

ज्या मुलाचे अक्षर वळणदार, पाढे मुखोद्गत आणि वर्तन निरुपद्रवी, त्याला काही व्यथा असू शकते हे आपल्या लोकांच्या गळी उतरविणे किती दुष्कर असते, याचा अनुभव मी आंबेगाव तालुक्यातल्या बालपणापासून महसूल खात्यातल्या कारकुनीपर्यंत अखंड घेतला. स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) निदान झाले तेव्हा कानशिले पिकली होती.

चैत्रात नारायणगावी तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागत, गावोगाव यात्रा भरत, आणि बैलगाडा घाटावरच्या कर्ण्यांतून निघणारी ‘भिर्रर्र’ची आरोळी ज्या क्षणी सवंगड्यांच्या अंगात वीज खेळवी, त्याच क्षणी मी कडब्याच्या गंजीआड कान दाबून ओकारी आवरीत बसलेला असे. “सोंगं करतंय. पुस्तकात बरं डोकं चालतंय ह्याचं!” असे थोरले चुलते म्हणत, आणि माझी हुशारी हीच माझ्याविरुद्धची साक्ष ठरे. शिक्षकांनी ‘एकलकोंडा’ असा शेरा मारून प्रकरण दप्तरदाखल केले. दिवसभर इतरांचे पाहून हसण्याच्या जागी हसावे, नजर द्यायची म्हणून समोरच्याच्या भुवयांकडे पाहावे, आणि घरी येताच माळ्यावरच्या अंधारात असे पडावे की आईने हाक मारली तरी तोंडातून शब्द फुटू नये. याला घरात शिष्टपणा म्हणत.

घरच्यांना तरी बोल कसा लावावा? बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 साली 11 स्वमग्न मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले खरे, परंतु अस्खलित बोलणारी, अभ्यासात चालणारी मुले विलायतेतल्या वैद्यांच्याही नजरेत ठसठशीतपणे भरली ती मनोविकारतज्ज्ञ लॉर्ना विंग यांच्या 1981 च्या निबंधानंतर. त्या स्वतः स्वमग्न मुलीच्या आई होत्या, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. आपल्याकडे 1995 च्या अपंगविषयक कायद्यातील 7 प्रकारांत स्वमग्नता नव्हती. 2016 च्या कायद्यातील 21 प्रकारांत ती आली.

आईबापांना माझे सांगणे असे की, डॉक्टरांकडे जाताना प्रगतिपुस्तकाबरोबर एक साधी वही न्यावी, आणि तीत मूल कोणत्या आवाजाला कान झाकते, कोणते कापड त्याच्या अंगाला सोसत नाही, ताटात कशाला काय लागले की ते उठून जाते, आणि विशेषेकरून शाळेतून परतल्यावर पहिल्या तासाभरात त्याची काय अवस्था होते, हे तारीखवार टिपलेले असावे. मुलींच्या बाबतीत तर ही दक्षता दुप्पट हवी, कारण त्यांचे गप्प राहणे आपल्याकडे सद्गुणात जमा होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, त्यालाही ही वही दाखवावी. हमखास बरे करणाऱ्यांच्या नादी लागून जमीन गहाण टाकू नये. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी दरखास्त जरूर करावी. त्यावर 40 टक्क्यांहून कमी आकडा पडला तर बहुतेक सरकारी सवलती हुकतात, पण निदान खोटे ठरत नाही, आणि वर्गात दाराजवळची जागा, गोंगाट वाढला की बाहेर जाण्याची मुभा, ठरलेला बेत बदलण्यापूर्वी दिलेली सूचना, एवढे देण्यासाठी शिक्षकांना कोणत्याही शिक्क्याच्या कागदाची गरज पडत नाही.