हुकमी माणूस गेला तर? एसी/डीसी बँडकडून एक धडा

दुकानातला हुकमी कारागीर सोडून गेला की आपण म्हणतो, "अगदी तसाच दुसरा शोधू." जरा थांबा. एसी/डीसी या ऑस्ट्रेलियन रॉक बँडचं उदाहरण बघा.

१९७४ पासून त्यांचा गायक होता बॉन स्कॉट. आवाजात खट्याळपणा, गाणं म्हणजे गप्पा मारत गोष्ट सांगितल्यासारखं. फेब्रुवारी १९८० मध्ये तो अचानक गेला. त्याच्या जागी आला ब्रायन जॉन्सन. ह्याचा आवाज वेगळाच: वरच्या पट्टीतला, खरखरीत, किंचाळणारा. बॉनची नक्कल अजिबात नाही. जुलैमध्ये 'बॅक इन ब्लॅक' आला आणि जगातल्या सर्वाधिक खपाच्या अल्बममध्ये जाऊन बसला.

गायक बदलूनही गिऱ्हाईक का टिकलं? कारण पाया तोच होता: माल्कम आणि अँगस यंग या भावांची गिटार. निर्माताही आधीच्या अल्बमचाच, मट लँग.

आजचा गृहपाठ: वहीत दोन रकाने करा. पहिल्यात, माणूस बदलला तरी काय बदलणार नाही: माप, चव, वेळ. दुसऱ्यात, नव्या माणसाला मोकळीक कुठे. पहिला रकाना रिकामा राहिला, तर समजा, धंदा अजून तुमचा नाही, कारागिराचा आहे.