टाकी गंजली, आता काय करायचे?

आमच्याकडे एक जुनी जीप आहे. ती पेट्रोलवर चालते. बाजाराला माल न्यायला, अडीनडीला आजारी माणूस दवाखान्यात पोचवायला ती उपयोगी पडते.

एका पावसाळ्यात ही जीप रुसू लागली. सपाटीवर नीट चालायची. चढ लागला की धापा टाकायची आणि बंद पडायची. दहा मिनिटे थांबले की पुन्हा सुरू! आम्ही म्हटले, इंजिन म्हातारे झाले.

मिस्त्रींनी इंजिनाला हातही लावला नाही. त्यांनी पेट्रोलचा फिल्टर काढला आणि कागदावर उलटा केला. कागदावर विटकरी रंगाची भुकटी पडली.

"मंडळी, दुखणं इंजिनात नाही. टाकीत आहे," मिस्त्री म्हणाले.

टाकीत तर पेट्रोल असते. मग गंज येतो कुठून? टाकी अर्धी रिकामी असली की उरलेल्या जागेत हवा असते. हवेत ओल असते. रात्री पत्रा गार पडतो. ओलीचे थेंब होतात आणि आत ओघळतात. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी जाऊन बसते. लोखंडाला पाणी आणि हवा मिळाली की गंज धरलाच.

आता आणखी एक गोष्ट झाली आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात. २०२५ साली हे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत गेले. इथेनॉल उसापासून, मक्यापासून होते. म्हणजे आपल्याच शेतातले! त्याच्याशी आमचे भांडण नाही. पण ते पाणी ओढून घेते. पाणी फार झाले की दोघे मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. गाडी महिनोन्‌महिने उभी असेल तर टाकीचा तळ असा आतून खाल्ला जातो.

गंजाचे पापुद्रे सुटतात. चढावर इंजिन जास्त पेट्रोल ओढते. त्याबरोबर पापुद्रे नळीच्या तोंडाशी जमतात. गाडी थांबली की ते खाली बसतात. म्हणून दहा मिनिटांनी गाडी पुन्हा चालते.

आता टाकी दुरुस्त करायची की नवी घ्यायची? इथे आम्ही चुकलो. तालुक्याला एका गॅरेजात आम्हाला सांगितले, "आतून लेप देतो. नव्यासारखी होईल." नव्या टाकीपेक्षा हे बरेच स्वस्त होते. आम्ही हो म्हटले. त्यांनी गंज न काढताच वर लेप दिला. चार महिन्यांत लेप सुटला. त्याचे तुकडे नळीत अडकले. गाडी घाटात बंद पडली, तीही रात्री, आणि आत तापाने फणफणलेले पोर होते. मागून एक ट्रक आला, त्याने पोराला पुढे नेले, म्हणून निभावले.

मग मिस्त्रींनी टाकी खाली उतरवली. पेट्रोल उघड्यावर, चुलीपासून लांब काढले. झाकण काढून टाकीला चांगला वारा खाऊ दिला. मग विजेरीने आत पाहिले. काडी ओढून कधीही पाहू नका! आत बारीक लाल भुकटी असेल आणि पत्रा टणक असेल, तर टाकी वाचते. सुटलेला लेप काढला. पांढरे व्हिनेगर भरून टाकी रात्रभर ठेवली. जवळ बिडी ओढायची नाही, झाकण घट्ट लावायचे नाही, कारण आत वायू धरतो. बॅटरीतले ॲसिड तर वापरूच नका. ते गंजाबरोबर पत्राही खाते. सकाळी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने टाकी धुतली आणि लगेच वाळवली. ओली राहिली तर पुन्हा गंज धरते. लेप द्यायचा तो यानंतर, आणि इथेनॉल सोसणारा.

आमची टाकी धुऊन झाली. मिस्त्रींनी तिच्यात पाणी भरले. खालच्या सांध्यावर घामासारखे थेंब आले. एक नाही, दहाबारा. इतके दिवस गंजच ती भोके बुजवून बसला होता! मिस्त्रींनी सांध्याजवळ अंगठा दाबला. पत्रा आत गेला.

"हिची नवीच घ्या," ते म्हणाले. "टणक पत्र्याला दगड लागून एखादं भोक पडलं असतं, तर बुजवलं असतं. इथं पत्राच उरला नाही."

बघायला जमलेल्यांपैकी एक वेल्डिंगवाला म्हणाला, "टाकी रिकामीच आहे. दोन टाके मारून देतो." मिस्त्री एकदम ओरडले, "मागं हो दादा!" पेट्रोलची वाफ पेटते. भरलेल्या टाकीत वाफेला जागा थोडी आणि हवाही थोडी. रिकाम्या टाकीत वाफ आणि हवा दोन्ही भरपूर, म्हणून ठिणगी पडली की ती बाँबसारखी फुटते. धुतली तरी सांध्यात पेट्रोल दडून राहते. पत्रा तापला की त्याची वाफ होते.

लेपाचे पैसे वाया गेले. वर नव्या टाकीचे लागले. जुन्या गाडीची नवी टाकी मिळतच नसेल, तर दुरुस्तीवर खर्च करावा असे आम्हाला वाटते. भंगारातली टाकी घ्यायची तर तिच्यातही आधी पाणी भरून पाहावे. नवी टाकी बसवताना आम्ही नळ्या साफ केल्या आणि फिल्टर बदलला. आता पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवतो.

जुनी टाकी भंगारवाल्याला दिली. तिच्यात पेट्रोल होते, तिला गॅस कटर लावू नको, हे त्याला दोनदा सांगितले.