जेवणाआधीचं इन्सुलिन : अमेरिकेत नव्याने येणाऱ्यांसाठी

घरात कुणाला टाइप वन मधुमेह असेल, तर सामान लावताना आधी सिरिंजा बघा. भारतातून आणलेली कुपी बहुधा मिलिलिटरला ४० युनिटची असते, तिची सिरिंज लाल टोपणाची. इथल्या कुपीत सर्वसाधारणपणे मिलिलिटरला १०० युनिट असतात आणि सिरिंज नारिंगी टोपणाची. इथली कुपी आणि तिकडची सिरिंज अशी जोडी जमली, तर १० च्या खुणेपर्यंत भरलेल्या औषधात २५ युनिट जातात. जिवावर बेतेल. तिकडच्या कुप्या संपल्या की लाल टोपणाच्या सिरिंजा घरात ठेवूच नका.

आता वेळेचं. साधं, म्हणजे रेग्युलर इन्सुलिन (ॲक्ट्रापिड, ह्युम्युलिन आर) जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यावं लागतं. त्याचा जोर दोन-चार तासांनी येतो, अंमल सहा-आठ तास राहतो. १९९६ मध्ये अमेरिकेत लिस्प्रो (ह्युमलॉग) मंजूर झालं, नंतर अस्पार्ट. भारतातलं नोव्होरॅपिड इथे नोव्होलॉग नावाने मिळतं, औषध तेच. ही दोन्ही जेवणाआधी दहा-पंधरा मिनिटं घेतात. जोर तास-दोन तासांत, आणि तीन ते पाच तासांत ओसरतात. फिआस्प म्हणजे अस्पार्टच, पण नायासिनामाइड घातल्यामुळे रक्तात लवकर उतरणारं. लिस्प्रोचं तसं वेगवान रूप म्हणजे ल्युमजेव्ह. ही दोन्ही पहिल्या घासाला, अडलंच तर जेवायला सुरुवात केल्यापासून वीस मिनिटांच्या आत घेता येतात. ताटावर बसून अर्धंच जेवणाऱ्या लहान मुलांच्या आयांना याचा फार आधार वाटतो.

तरी सगळ्यात वेगवान तेच सगळ्यात चांगलं, असं आम्ही म्हणणार नाही. वरण-भाताची साखर झपाट्याने चढते, तिथे वेग कामाला येतो. तुपात भिजलेल्या पुरणपोळीचं तसं नाही. तुपामुळे पोट सावकाश रिकामं होतं. इन्सुलिन आधी काम करून जातं, साखर मागाहून चढत राहते. अशा जेवणाला डोस दोनदा विभागायचा का, हे सणाच्या आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा. मंडळाच्या गणपतीत तर आरती किती लांबेल, पंगत कधी बसेल, सांगता येत नाही. अर्धा तास आधीचं इन्सुलिन तिथे धोक्याचं. वेगवान इन्सुलिन असेल, तरी ताट हातात आल्याशिवाय सुई टोचू नका. ग्लुकोजच्या गोळ्या खिशात हव्यातच. साखर ७० च्या खाली गेली की १५ ग्रॅम घ्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा.

कुठलं इन्सुलिन मिळणार, हे इथे बरेचदा विमा कंपनीची यादी ठरवते. नोव्होलॉगऐवजी ह्युमलॉग हाती आलं, तर डॉक्टरांना कळवा आणि पहिले काही दिवस जास्त वेळा साखर तपासा. पैशांची अडचण असेल, तर गप्प बसून डोस कमी करू नका. एली लिलीने २०२३ मध्ये आपल्या इन्सुलिनचा रुग्णावरचा खर्च महिना ३५ डॉलरवर आणला. विमा नसणाऱ्यांसाठी त्यांचं सवलतीचं कार्ड आहे. फार्मसीत तोंड उघडून विचारा.