मानव्यविद्येचा अभ्यास : कां व कसा?



शालान्त परीक्षेचा निकाल लागला म्हणजे घरोघरीं एकच प्रश्न निघतो : पुढें काय? जवळच्या कला महाविद्यालयाचें नांव काढतांच पुष्कळ पालकांच्या मनांत शंका येते कीं, इतिहास, भाषा अथवा तत्त्वज्ञान शिकून पोट कसें भरणार? ही शंका अनाठायीं नाहीं. म्हणून तिचें उत्तर विचारपूर्वक दिलें पाहिजे.

मनुष्यानें जें लिहून, मानून व घडवून ठेविलें आहे त्याचा चिकित्सक अभ्यास म्हणजे मानव्यविद्या. आपल्या मंगरूळपीरचेंच उदाहरण घ्या. समजा, एखाद्या घरांत शेतजमिनीचे तीन जुने कागद आहेत. 1900 सालच्या कागदावर जिल्हा वाशीम, 1930 च्या कागदावर अकोला व 1999 च्या कागदावर पुन्हां वाशीम असें लिहिलें आहे. गांव तर जागचें हललें नाहीं! मग तिन्ही कागद खरे कसे? 1905 सालीं जुना वाशीम जिल्हा मोडून मंगरूळ तालुका अकोल्यास जोडला गेला आणि 1998 सालीं वाशीम जिल्हा पुन्हां निर्माण झाला, हें ज्यास ठाऊक आहे त्यालाच त्यांची संगति लागते. कागद कोणीं, केव्हां व कशासाठीं लिहिला, हे तीन प्रश्न विचारण्याची संवय हेंच इतिहासाचें खरें शिक्षण होय. वकील, शिक्षक व सरकारी नोकर यांना तिची गरज रोज पडते.

वऱ्हाडांतील डॉ. पंजाबराव देशमुख यांनीं विलायतेंत संस्कृताचा अभ्यास करून वैदिक वाङ्मयांतील धर्माच्या विकासावर प्रबंध लिहिला. पुढें तेच 1952 ते 1962 पर्यंत भारताचे कृषिमंत्री होते. ग्रंथांचा अभ्यास शेतकऱ्याच्या कामास आड आला नाहीं.

दुसरी अडचण अंतराची व पैशाची. अमरावतीस 1923 सालीं किंग एडवर्ड कॉलेज निघण्यापूर्वीं वऱ्हाडच्या मुलांस उच्च शिक्षणासाठीं नागपूर, पुणें अथवा मुंबई गांठावी लागे. ज्यांच्या घरीं खर्चाची सोय नसे, त्यांचें शिक्षण तेथेंच खुंटे. 1946 सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें मुंबईंत सिद्धार्थ महाविद्यालय काढलें व सकाळीं वर्ग भरवून नोकरी करणाऱ्या तरुणांस शिक्षणाची वाट मोकळी केली. अमेरिकेंत इलिनॉय संस्थानांतील जोलिएट येथें 1901 सालीं असाच विचार झाला होता : पहिलीं दोन वर्षें गांवींच शिकावें व नंतर मोठ्या विद्यापीठांत जावें. आपल्याकडील 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांतहि एका वर्षास प्रमाणपत्र, दोन वर्षांस पदविका व तीन वर्षांस पदवी अशी व्यवस्था सांगितली आहे. म्हणजे मध्येंच शिक्षण थांबलें तरी केलेले श्रम वायां जाऊं नयेत.

मात्र महाविद्यालय जवळ असलें म्हणून अभ्यास सोपा होत नाहीं. मार्गदर्शिका पाठ करून परीक्षा उतरतां येईल, पण विद्या हातीं लागणार नाहीं. मूळ पुस्तक वाचावें, वाचलेल्याचा सारांश रोज एक पान स्वतःच्या शब्दांत लिहावा, आणि घरांतील वडील माणसांस त्यांच्या काळाविषयीं विचारून तें टिपून ठेवावें.

पालकांस एवढीच विनंति कीं, मुलानें अथवा मुलीनें कलाशाखा निवडली तर त्यांस नापास झाल्यासारखें वागवूं नये. कोणत्या शाखेंत गेला यापेक्षां काय वाचतो व कसा विचार करतो, हें त्यांस विचारावें.